विमान गच्च भरायचं, मग कंपनी का बुडाली? वाशीच्या व्याख्यानात अर्धवट राहिलेलं उत्तर

परवाच्या रविवारी वाशीला ईस्ट-वेस्ट एअरलाइन्सच्या इतिहासावर बोललो. शेवटी प्रश्नांसाठी वेळ ठेवला होता पण हॉल पुढच्या कार्यक्रमाला द्यायचा होता, खुर्च्या उचलायला लागले होते, आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एका ताईंनी संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. त्यांच्या बाबांचा मसाला मार्केटमध्ये व्यवसाय होता, मिरीच्या खरेदीला ते नेहमी कोचीला जायचे, ९२ पासून ईस्ट-वेस्टने जायला लागले. ताईंनी विचारलं, "बाबा सांगायचे विमान गच्च भरलेलं असायचं, सीट मिळायची नाही. मग चार वर्षांत कंपनी बंद कशी पडली? मालकाचा खून झाला म्हणूनच ना?" मी घाईत एवढंच म्हणालो की तेवढंच कारण नाहीये, विमान भरणं वेगळं आणि कंपनी चालणं वेगळं. हे काही उत्तर झालं नाही. म्हणून आता नीट लिहितोय.

मी ठाण्याचा, नौपाड्यात राहतो. ३१ वर्षं एअरलाइनमध्ये काढली, सुरुवात लोड अँड ट्रिमला (विमानातल्या वजनाचा हिशोब), मग रॅम्पवर, म्हणजे विमान उभं असतं तिथे, शेवटी स्टेशन, म्हणजे एका विमानतळावरचं कंपनीचं सगळं काम सांभाळलं. तीन कंपन्या केल्या, त्यातल्या दोन माझ्यासमोर बंद पडल्या. पहाटेच्या ड्युटीला कंपनीची गाडी सव्वातीनला तीन हात नाक्यावर यायची, त्या गाडीत डोंबिवलीचे, मुलुंडचे, वाशीचे सगळे असायचे, त्यामुळे ह्या विषयावर बोलतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मालक नसतात, ती गाडी असते.

आधी खुनाबद्दल. ईस्ट-वेस्टचे मालक तकीउद्दीन वाहिद यांची हत्या १३ नोव्हेंबर १९९५ ला मुंबईत झाली आणि १९९६ मध्ये कंपनीची उड्डाणं थांबली, त्यामुळे लोकांच्या मनात ही जोडी पक्की बसलीये. धक्का प्रचंड होता हे खरंच. बँका, विमानं भाड्याने देणारे, तिकीट एजंट, सगळ्यांचा विश्वास एका माणसावर असतो आणि तो माणूस गेला की सगळे एकाच आठवड्यात पैसे मागायला येतात. पण आता बाजूच्या घरात काय चाललं होतं ते बघा. मोदीलुफ्त, लुफ्तान्झासारख्या कंपनीचा हात धरून १९९३ ला उडाली, १९९६ ला बंद. दमानिया एअरवेज, मुंबईचीच, तीही १९९३ ची (त्यांचीच मुंबई-गोवा कॅटमरान बोट पण होती, जुन्या लोकांना आठवत असेल), देशांतर्गत विमानात बिअर द्यायचे म्हणून नाव झालं होतं, १९९५ मध्ये एनईपीसी ग्रुपला विकली गेली, स्कायलाइन एनईपीसी असं नाव लागलं आणि १९९७ ला तीही संपली. तिथे कोणाचा खून झाला नव्हता. बोइंग घेऊन त्या पहिल्या लाटेत उतरलेल्यांपैकी जेट आणि सहारा दोनच पुढे टिकल्या. म्हणजे रोग सगळ्यांना एकच होता, ईस्ट-वेस्टच्या बाबतीत वरून घाव बसला.

आता ह्या कंपन्या आल्याच कशा ते थोडक्यात सांगतो, कारण रोगाचं मूळ जन्मातच आहे. १९५३ ला सरकारने खासगी कंपन्या ताब्यात घेतल्या, आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं देशात दुसरं कोणी नियमित उडायचं नाही असा कायदाच होता. मग १४ फेब्रुवारी १९९० ला बंगलोरला इंडियन एअरलाइन्सचं नवं ए-३२० पडलं, सरकारने बाकीची सगळी ए-३२० काही महिने जमिनीवर उभी केली, देशात सीटचा दुष्काळ पडला. त्याच सुमारास एअर टॅक्सीची योजना आली. नाव टॅक्सी, कारण कायदा बदललेला नव्हता, त्यामुळे खासगीवाल्यांना स्वतःचं वेळापत्रक छापायची परवानगी नव्हती! विचार करा, रोज ठरलेल्या वेळेला बोइंग ७३७ उडतंय आणि कंपनी म्हणू शकत नाही की आमचं विमान रोज ह्या वेळेला सुटतं. ईस्ट-वेस्ट फेब्रुवारी १९९२ मध्ये ह्याच वाटेने आली. १९५३ नंतर देशपातळीवर उडालेली ती पहिली खासगी कंपनी. मग ९२ च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनी संप केला, सरकारने उझबेकिस्तानची टुपोलेव्ह भाड्याने आणली, त्यातलं एक ९ जानेवारी १९९३ ला दिल्लीत उतरताना उलटलं (सगळे वाचले, नशीब). लोक खासगीकडे धावले. जुना कायदा रद्द झाला तो थेट १९९४ ला.

म्हणजे तुमच्या बाबांना विमान गच्च दिसलं त्यात नवल नाही. दुष्काळात पाण्याच्या टँकरपुढे रांग लागतेच. पण रांग बघून टँकरवाल्याचा धंदा कसा चाललाय ते कळत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लहान कंपनीकडे विमानं किती असतात? सुरुवातीला दोन, तीन. आपण तीन धरू. एक विमान दिवसात सहा फेऱ्या मारतं असं धरा, म्हणजे तीन विमानांच्या अठरा फेऱ्या. आता एका विमानात बिघाड झाला, पार्ट परदेशातून यायचाय. ह्याला आमच्यात एओजी म्हणतात, एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड, आणि हा शब्द वायरलेसवर आला की ऑफिसात सगळ्यांची तोंडं उतरायची. अठराच्या बारा फेऱ्या झाल्या. पण भाडं तिन्ही विमानांचं, पगार तिन्ही विमानांपुरत्या लोकांचे, कोचीचं ऑफिस, गोव्याचं ऑफिस, काउंटरचं भाडं, विमा, सगळं तिथंच. चाळीस विमानांच्या कंपनीत एक उभं राहिलं तर दुसरं फिरवून आणतात, प्रवाशाला कळत पण नाही. तीनमध्ये एक उभं म्हणजे घरातला तिसरा हिस्सा कमाई बंद. तुमचे बाबा ज्या विमानात बसले ते उडालेलं विमान होतं ताई, न उडालेलं प्रवाशाला दिसतच नाही.

आणि ह्याच्या पुढची गोष्ट मला त्या दिवशी सांगायची राहिली. कधी कधी विमान गच्च भरलेलं असतं ते बिघाडामुळेच! मी ज्या कंपनीत होतो तिथे हे आठवड्यातून एकदा तरी व्हायचं. सकाळचं विमान नाही निघालं, साठ प्रवासी. दुपारच्या फ्लाइटला पंचावन्न. दोन्ही एकत्र करायच्या, त्याला आम्ही 'फ्लाइट क्लब केली' म्हणायचो. दुपारचं विमान शंभरावर माणसं घेऊन जातं, जवळजवळ गच्च, प्रवासी घरी जाऊन सांगतो काय चाललीये हो कंपनी. इकडे सकाळच्या साठ जणांना नाश्ता दिलेला असतो, पाच-सहा जणांना घाई म्हणून दुसऱ्या कंपनीचं तिकीट आपल्या पैशाने काढून दिलेलं असतं, चार जण पैसे परत घेऊन गेलेले असतात, आणि जे व्यापारी रोजचे गिऱ्हाईक ते पुढच्या वेळी इंडियन एअरलाइन्सकडे परत. लोड फॅक्टरचा, म्हणजे किती टक्के सीट भरल्या त्याचा आकडा मात्र कागदावर सुंदर दिसतो. मी स्वतः असे आकडे भरलेत. म्हणून कोणी जुन्या एअरलाइनबद्दल सांगताना 'विमानं भरून जायची' म्हणालं की मी लगेच विचारतो, फेऱ्या किती रद्द झाल्या?

बिघाडाचा भाग जरा उघडून सांगतो कारण इथेच खरं आयुष्य जातं. विमानातली प्रत्येक गोष्ट चालू असल्याशिवाय उडायचं नाही असा नियम नाहीये. एमईएल नावाची यादी असते, कुठली वस्तू बंद असताना किती दिवस उडता येतं ते त्यात लिहिलेलं, काही गोष्टींना ३ दिवस, काहींना १०, काहींना १२०. इंजिनिअर कॉकपिटमध्ये छोटा 'इनॉप' (बंद आहे) असा स्टिकर लावतो आणि दिवस मोजायला सुरुवात. हे पूर्ण कायदेशीर आणि सुरक्षित आहे, मोठ्या कंपन्याही करतात. फरक एवढाच की मोठ्या कंपनीकडे पार्ट स्टोअरमध्ये असतो, लहान कंपनीकडे पार्टचे पैसेच तिसऱ्या आठवड्यात येणार असतात. मग एपीयू बंद, म्हणजे शेपटीतलं ते छोटं इंजिन जे जमिनीवर वीज आणि हवा देतं. ते बंद असलं की मुख्य इंजिन चालू करायला बाहेरून एअर स्टार्टर लागतो. तो मुंबईत मिळतो, स्पर्धक कंपनीकडून भाड्याने. छोट्या गावात तो नसेल तर विमान तिथेच अडकलं. एसीही नाही, मे महिन्यात आत माणसं वाफाळतायत, लहान मुलं रडतायत आणि एअर होस्टेस पोरी मेन्यू कार्डाने वारा घालतायत.

शेवटी ज्या विमानाचा मुक्काम लांबला त्याच्यावर 'रॉबरी' सुरू होते. हा आमच्या हँगरमधला रोजचा शब्द, चोरी असा अर्थ नाही, एकाचा चांगला पार्ट काढून दुसऱ्याला लावायचा, रीतसर कागदावर नोंद करून. पहिल्या दिवशी एक व्हॉल्व्ह जातो, आठवड्याने जनरेटर, महिन्याने चाकं. ज्या दिवशी मी उभ्या विमानाच्या खाली लाकडी ठोकळे बघितले त्या दिवशी आमच्या एका सीनियर इंजिनिअरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू दुसरीकडे अर्ज टाक. हे आता उठत नाही." तो माणूस त्या विमानाजवळून जाताना दर वेळी त्याच्या पोटाला हात लावायचा, गोठ्यातल्या गाईला लावतात तसा.

पैशाचं म्हणाल तर विमान भाड्याचं, आणि भाडं डॉलरमध्ये. वर प्रत्येक तासाच्या उड्डाणामागे मेंटेनन्स रिझर्व्ह म्हणून, पुढच्या दुरुस्तीसाठी, वेगळे डॉलर जमा करायचे. प्रवासी रुपयात पैसे देणार. १९९३ पासून ऑगस्ट १९९५ पर्यंत डॉलर ३१ रुपये ३७ पैशांच्या आसपास खिळलेला होता, सगळ्यांनी हिशोब त्यावर मांडले. त्यानंतर घसरण सुरू झाली आणि काही महिन्यांत पस्तीसच्या पुढे गेला. समजा एका विमानाचं भाडं महिन्याला एक लाख डॉलर (हा आकडा हिशोब समजण्यापुरता घेतोय), तर न उडता, न काही बिघडता महिन्याला साडेतीन-चार लाख रुपये जास्त लागायला लागले, प्रत्येक विमानामागे. आता कंपन्या बंद पडल्याच्या तारखा ह्याच्या शेजारी ठेवा, ९६, ९६, ९७. मी व्याख्यानात बोर्डावर हे लिहिलं तेव्हा मागे बसलेले एक बँकेतले रिटायर्ड काका मान हलवत होते, त्यांना ते दिवस आठवत असणार.

दुसरं इंधन. त्या लाटेतली बरीचशी विमानं जुनी ७३७-२००. गोल सिगारसारखी बारीक लांब इंजिनं, आवाज इतका की कलिन्याच्या चाळीत कपबश्या वाजायच्या. तासाला साधारण अडीच ते तीन टन इंधन पिणारी. म्हणजे मुंबई-कोचीला पाच टनांच्या आसपास. जेटने ५ मे १९९३ ला सुरुवात केली ती चार ७३७-३०० घेऊन, त्यांचं इंजिन पुढच्या पिढीचं, इंधन बरंच कमी. शिवाय त्यांच्यामागे गल्फ एअर आणि कुवेत एअरवेज प्रत्येकी २० टक्के भागीदार होते, १९९७ च्या धोरणाने परदेशी एअरलाइनना बाहेर काढलं तोपर्यंत. माझं मत असं की जेट तेव्हा तगली त्यात सर्व्हिसच्या कौतुकापेक्षा ह्या दोन गोष्टींचा वाटा मोठा होता. आणि तीही १७ एप्रिल २०१९ ला थांबलीच.

विमानाच्या इंधनावर राज्याचा कर लागतो, तो आजही जीएसटीच्या बाहेर आहे. मुंबईत वर्षानुवर्षं २५ टक्के होता, २०२३ च्या बजेटमध्ये १८ वर आणला.

पण कर, डॉलर ही पुस्तकी कारणं झाली, प्रत्यक्षात कंपनी कशी मरते ते मी बघितलंय, सांगतो. माझी दुसरी कंपनी, नाव घेत नाही. इंधन कंपनीची उधारी थकली की ते तुम्हाला 'कॅश अँड कॅरी'वर टाकतात, आधी पैसे मग इंधन. जुलै महिना, दुपारची फ्लाइट, पाऊस धो धो. ९६ प्रवासी चढलेले, सामान भरलेलं, माझी ट्रिमशीट तयार. ट्रिमशीट म्हणजे कुठे किती वजन आहे आणि विमानाचा तोल कुठे येतो त्याचा कागद, मोठं माणूस ७५ किलो, मूल ३५, तान्हं बाळ १०, मग पुढच्या होल्डमध्ये किती बॅगा, मागच्या होल्डमध्ये किती, टाकीत इंधन किती. सगळं पेनाने भरलं होतं, एक चौकोन पेन्सिलने, इंधनाचा. कारण बाउझर, म्हणजे इंधनाचा टँकर, विमानाशेजारी उभा, पाइप खाली काढलेला, ड्रायव्हर पंखाखाली पावसापासून आडोसा घेऊन उभा आणि पाइप जोडत नाहीये. त्याला सांगितलेलं होतं, डीडी हातात आल्याशिवाय जोडायचा नाही. आमच्या अकाउंट्सचा मुलगा पार्ल्याच्या बँकेतून डीडी घेऊन रिक्षाने निघालेला आणि हायवेला पाणी भरलेलं. मोबाइल नव्हते तेव्हा. कॅप्टन खिडकीतून हाताने विचारतोय, काय झालं? मी हाताने सांगतोय, थांबा.

चाळीस मिनिटांनी पोरगा आला, शर्टाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत डीडी धरून, चपला हातात. डीडी बघितला तर रक्कम कमी. मागितलं होतं नऊ टनांचं, जाऊन पुढच्या फेरीला तिकडे कमी भरावं लागेल अशा हिशोबाने, बँकेत होते सहा टनांपुरते. कॅप्टन शांत माणूस, एअर फोर्समधून आलेला. म्हणाला सहा टन जायला आणि नियमाचं रिझर्व्ह धरून पुरतात, नवीन शीट कर. मी पंखाखाली बसून परत सगळी ट्रिमशीट केली, पावसाचे थेंब कागदावर, ह्या वेळेस इंधनाचा चौकोन पण पेनाने. सुरक्षेला काही बाधा नव्हती, एक किलो कमी असतं तर तो माणूस उडालाच नसता. पण तिकडे पोचल्यावर परतीच्या इंधनाचे पैसे कोण देणार, हा प्रश्न विमान आकाशात असताना तिकडचा स्टेशन मॅनेजर सोडवत होता, काउंटरवर दिवसभरात जमलेल्या तिकिटांच्या रोख रकमेतून. त्या ९६ लोकांना एवढंच कळलं की मुंबईच्या पावसामुळे उशीर झाला.

ती फ्लाइट जवळजवळ भरलेली होती ताई. कंपनी त्यानंतर पाच महिन्यांनी बंद पडली.

पैसे जात कुठे होते? तिकिटं विकायचे एजंट. प्रवाशाने एजंटला आज रोख पैसे दिले, एजंट कमिशन कापून कंपनीला देणार पंधरा-वीस दिवसांनी, काही त्याहून उशिरा, आणि कंपनी डबघाईला आलीये असा वास लागला की आणखी उशिरा, कारण त्यालाही रिफंडची भीती. दुसऱ्या बाजूला इंधन आज, विमानतळाचं बिल ह्या आठवड्यात, डॉलर एक तारखेला. मधली खिंड भरायची कशाने, तर पुढच्या महिन्याच्या तिकिटांच्या पैशाने. पुढच्या महिन्यात त्या प्रवाशाला न्यायचं असतं पण त्याचे पैसे ह्या महिन्यात जळून गेलेले असतात. स्वस्त योजना, आगाऊ बुकिंगवर सूट, ह्या जाहिराती लहान कंपनी अचानक जोरात करायला लागली की जुने लोक सावध होतात ते ह्याच्यासाठी. जोपर्यंत नवीन बुकिंग येतंय तोपर्यंत गाडी चालते, एक वाईट बातमी छापून आली की बुकिंग थांबतं आणि दोन दिवसांत सगळं संपतं. ईस्ट-वेस्टच्या बाबतीत नोव्हेंबर ९५ ची बातमी काय करून गेली असेल ते तुम्हीच बघा. खुनाने कंपनी मारली असं मी म्हणत नाही, पण मोजक्या विमानांच्या, उधारीवर जगणाऱ्या धंद्याला बातमी सहन होत नाही. चाळीस विमानांच्या कंपनीने कदाचित पचवली असती.

सरकारचं एक धोरण पण सांगायला हवं. १९९४ पासून नियम आला की मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या मार्गांवर जेवढं उडाल त्याच्या ठरलेल्या टक्क्यांनी ईशान्येत, काश्मीरला, अंदमानला पण उडायचं. हेतू चांगलाच होता आणि मला तो आजही पटतो, तिथल्या माणसाला पण विमान हवं. पण तीन बोइंग असलेल्या कंपनीला तो आजाऱ्याच्या डोक्यावर भारा ठेवल्यासारखा झाला.

व्याख्यानानंतर चहाच्या टेबलावर एका कॉलेजच्या मुलाने विचारलं की मग आता उलवेला विमानतळ सुरू झालाय, लहान कंपन्यांना बरे दिवस येतील का. त्याचं उत्तर ह्यातच जोडतो. लहान कंपनीने लहान विमान घ्यावं ही अक्कल आपल्याकडे उशिरा आली. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली ती एटीआर घेऊन, दोन पंख्यांचं विमान, बोइंगच्या मानाने अगदी थोडं इंधन. शिवाय पुढे ४० टनांपेक्षा हलक्या विमानाला इंधनावर कमी कर आणि ८० पेक्षा कमी सीट असतील तर लँडिंग चार्ज माफ, ह्या सवलतींवर पुढची सगळी छोटी पिढी उभी आहे.

पण मुंबईत त्याच सवलतीची अडचण झाली. सांताक्रूझला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. १९ सीटचं विमान उतरलं काय आणि १८० चं उतरलं काय, स्लॉट, म्हणजे उतरायची-सुटायची ठरवून दिलेली वेळ, एकच खर्च होतो. लहान विमान लँडिंगचे पैसे देत नाही, उतरताना हळू येतं म्हणून मागच्याला थांबवतं, मग त्याला सकाळचा चांगला स्लॉट कोण देणार? २३ डिसेंबर २०१७ ला मुंबई-जळगाव विमान सुरू झालं, उडान योजनेत, बीचक्राफ्ट १९ सीटर, जळगावला केवढा आनंद झाला होता, ठाण्यातले माझे खान्देशी शेजारी पेढे घेऊन आले होते. ती सेवा टिकली नाही. स्लॉट हे एक मोठं दुखणं होतंच, आणि पुन्हा तेच, मोजकी विमानं. उडानमध्ये सरकार तोट्याची भरपाई देतं पण ती तीन वर्षं, आणि भरपाई उडालेल्या फेरीची मिळते, उभ्या विमानाची नाही.

नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी विमानं सुरू झाली, त्यामुळे स्लॉटची गळचेपी थोडी तरी सैल होईल असं मला मनापासून वाटतं. सिंधुदुर्ग, जळगाव, नांदेड, कोल्हापूर ह्यांना दिवसाच्या कामाच्या वेळेला विमान हवं. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता आलं पाहिजे, नाहीतर माणूस रात्रीची बसच पकडतो. माझी सिडको, सरकार सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की सकाळी सात ते दहामधले काही स्लॉट लहान विमानांसाठी राखून ठेवा, मोठ्यांनी एकदा ते भरले की परत मिळणार नाहीत. आणि जो कोणी पोरगा-पोरगी उद्या छोटी एअरलाइन काढायचं म्हणेल त्याला मी विचारणार की सहा महिन्यांचं भाडं आणि इंधन बँकेत आहे का, विमान एका जातीचं आहे का, आणि तीनमागे एक उभं ठेवायची ऐपत आहे का. मार्ग कुठला, रंग कुठला, गणवेश कोणाचा हे नंतर बोलू.

ताई, आता तुमच्या त्या कागदाबद्दल. गडबडीत तुम्ही पर्समधून बाबांचं जुनं तिकीट काढून दाखवलंत, लांबट पुस्तिका, मागे लाल कार्बन. मला चष्मा लावून बघायलाही वेळ मिळाला नाही आणि घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. ह्या कंपन्यांचे कागद कोणी सांभाळले नाहीत. ऑफिसं बंद झाली तेव्हा रजिस्टरं रद्दीत गेली, मी स्वतः एका गोडाऊनमधून दोन पोती ट्रिमशीट उचलून आणल्या होत्या, त्या आज माझ्या माळ्यावर आहेत, बायको अधूनमधून बोलते पण टाकत नाही. तिकिटावर भाडं लिहिलेलं असतं, फ्लाइट नंबर असतो, एजंटचा शिक्का असतो, सामानाचं वजन हाताने लिहिलेलं असतं. एखाद्या तिकिटावर एक फ्लाइट नंबर खोडून दुसरा लिहिलेला असला तर त्याचा अर्थ आता तुम्हाला कळेल.

तेवढं बघाल का? खाडाखोड आहे का, आणि तारीख कुठली. तिकीट लॅमिनेट मात्र करू नका, त्या उष्णतेने लाल कार्बन पसरतो आणि अक्षर जातं, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, उन्हात नको. पुढच्या महिन्यात मी परत वाशीलाच आहे, तेव्हा आणा. मी पोत्यातून कोचीच्या शीट वेगळ्या काढून ठेवतो.